पंचमहासरोवरांच्या काठाने, पाणपक्ष्यांच्या मागावर

पहिला दिवस : हॅमिल्टन

सकाळी सहाला बंदरावर पोचलो तेव्हा वारा इतका बोचरा होता की मे महिना निम्मा सरलाय हे खरं वाटेना. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, गाडीतच बसणार होता. पण दुर्बिणीची तिकाटी मला एकटीला वाऱ्यात आवरेना, म्हणून तोही उतरला. समोर राखाडी पाणी, पाण्यात बुटकी बेटं आणि पलीकडच्या काठावर पोलादाचे कारखाने. धुराड्यांतून निघणारा पांढरा धूर वाऱ्याने आडवा होत होता, आणि त्याच वाऱ्यावर हजारो पक्ष्यांचा कलकलाट आमच्यापर्यंत येत होता.

हॅमिल्टन हे कॅनडातलं पोलादाचं गाव, उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी ओंटारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाला. समोरची बेटं पक्ष्यांना घरटी करता यावीत म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुद्दाम बांधलेली आहेत. पाणकावळे, दोन-तीन जातींचे कुरव (सीगल), सुरय (टर्न), रातबगळे, सगळे तिथे दाटीवाटीने राहतात. वसाहतीत पाऊल टाकायला अर्थातच मनाई आहे. माणूस जवळ गेला की पक्षी उठतात, अंडी गार पडतात.

‘‘अगं, पाणी तर किती स्वच्छ दिसतंय!’’ दादा म्हणाला.

हे वाक्य त्याने पुढच्या सात दिवसांत निदान पाच वेळा म्हटलं, आणि दर वेळी मला माझी प्रयोगशाळा आठवली. मी एकोणीस वर्षं पाण्याचे नमुने तपासते आहे. बाटली येते, तिच्यावर नंबर असतो, नमुना यंत्रातून जातो आणि अहवालात बहुतेक रकान्यांपुढे मी ‘आढळले नाही’ असं लिहून सही करते. ते लिहिणं खोटं नसतं. आमच्या यंत्राची नजर जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत खरंच काही आढळलेलं नसतं. पण पक्ष्याची नजर आमच्यापेक्षा फार पुढे जाते. ती कशी, हे डोळ्यांनी पाहायचं म्हणून मी इथवर आले होते.

दुर्बीण एका हेरिंग कुरवावर लावली. पिवळी चोच, खालच्या चोचीवर लाल ठिपका, फिकट डोळा. मादी उठली, चोचीने अंडी हलकेच फिरवली आणि पोटाखाली घेऊन पुन्हा बसली. तेवढ्या चार-पाच सेकंदांत तिन्ही अंडी दिसली, शेवाळी रंगाची, त्यांवर शाई झटकावी तसे तपकिरी डाग.

कॅनडाच्या वन्यजीव विभागाने १९७४ पासून याच पक्ष्याची अंडी गोळा करायला सुरुवात केली. पाचही सरोवरांवरच्या पंधरा वसाहती ठरलेल्या, दर वसंतात प्रत्येक वसाहतीतून डझनभर अंडी, आणि एका घरट्यातून एकच. हाच पक्षी निवडला कारण मोठे झालेले हेरिंग कुरव वर्षभर सरोवरांवरच राहतात. त्यांच्या अंगात जे सापडतं ते इथलंच असतं, दक्षिणेकडच्या कुठल्या शेतातून आलं असेल असं म्हणायला जागा राहत नाही.

ओंटारिओ सरोवरातलं एक जुनं कोष्टक पंचमहासरोवरांवर लिहिणारे बहुतेकजण देतात. पीसीबी नावाच्या रसायनाचं प्रमाण वनस्पती-प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत, दहा लाख भागांत ०.००२५, प्राणी-प्लवकांत ०.१२३, स्मेल्ट या छोट्या माशात १.०४, लेक ट्राउट या मोठ्या माशात ४.८३ आणि हेरिंग कुरवाच्या अंड्यात १२४. म्हणजे प्लवकापासून अंड्यापर्यंत जवळपास पन्नास हजार पट. पाण्यापासून मोजलं तर अडीच कोटी पट. कारण साधं आहे. हे रसायन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र घट्ट बसतं. लहान मासा प्लवक खातो आणि मोठा मासा लहान मासा खातो. अन्न पचून जातं, रसायन मागे राहतं. शेवटी सगळ्यांची साठवण एका पक्ष्याच्या चरबीत जमा होते.

आणि मादी अंडं घालते तेव्हा तिच्या चरबीतलं रसायन बलकात उतरतं. तिचं ओझं थोडं हलकं होतं, पिल्लाच्या वाट्याला मात्र ते जन्माआधीच येतं. कवचाच्या आत वाढणारा जीव काही आठवडे ठीक दिसतो. मग शेवटच्या दिवसांत तो उरलेला बलक भराभर वापरायला लागतो आणि त्यातलं रसायन एकदम अंगात शिरतं. म्हणूनच कित्येक पिल्लं अंड्यातून बाहेर यायच्या बेताला येऊन मरत. काहींनी तर चोचीने कवचाला भोकसुद्धा पाडलेलं असे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओंटारिओ सरोवरावर हे इतकं झालं की कुरवांच्या वसाहतीच्या वसाहती पिल्लांवाचून राहिल्या. मायकेल गिल्बर्टसन या जीवशास्त्रज्ञाला मेलेल्या पिल्लांच्या अंगात पाणी भरलेलं आणि यकृत बिघडलेलं दिसलं, आणि त्याला कोंबड्यांचा एक रोग आठवला. १९५७ मध्ये अमेरिकेत दूषित चरबी घातलेलं खाद्य खाऊन लाखो कोंबड्या अशाच मेल्या होत्या. त्या चरबीत डायॉक्सिन हे जहाल विष होतं हे पुढे कळलं. कुरवांचा रोग आणि कोंबड्यांचा रोग एकच असावा, हा त्याचा अंदाज बरोबर निघाला. कुक्कुटपालनावरची माहिती सरोवरावर कामी आली, हे मला आजही विलक्षण वाटतं.

दुपारी वारा पडल्यावर काठाने चालत गेलो. तुटलेलं एक कवच दगडांत अडकलं होतं, आतून पांढरंशुभ्र, पातळ पापुद्रा अजून ओला. उकिडवी बसून मी ते बराच वेळ पाहिलं. पिल्लू व्यवस्थित बाहेर पडलं असेल, तर कवचाची रुंद बाजू टोपीसारखी कापलेली दिसते. हे तसंच होतं.

या गावाची आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. इथल्याच मॅकमास्टर विद्यापीठातल्या यॉक आणि क्विन या दोघांनी १९९६ मध्ये कुरवांच्या कुटुंबांचे डीएनए तपासले, आई, बाप आणि पिल्लं. पोलाद कारखान्यांजवळच्या वसाहतीत आईबापांत नसलेले बदल पिल्लांत जास्त सापडले, औद्योगिक पट्ट्यापासून दूरच्या वसाहतींत कमी. संशय आहे तो कोळसा भाजताना निघणाऱ्या रसायनांवर. तीच रसायनं इथल्या तळाच्या गाळातही आहेत. रँडल रीफ नावाच्या भागातला गाळ इतका वाईट होता की त्याच्याभोवती पोलादी भिंतींची सव्वासहा हेक्टरांची पेटी बांधून आजूबाजूचा गाळ उपसून तिच्यात भरला. ज्या गावाच्या पोलादाने हा गाळ नासला, तिथे त्याला कोंडायलाही पोलादच लागलं.

दुसरा दिवस : नायगारा

धबधब्याबद्दल मी लिहिणार नाही. तो मोठा आहे, सुंदर आहे, आणि त्याच्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. आम्ही त्याच्या थोडं वर, जिथे नदी उथळ होऊन खडकांवरून धावते, तिथे थांबलो. प्रवाहात मधोमध एक खडकाळ बेट आहे. धबधब्याच्या कड्यापासून जेमतेम काहीशे मीटरवर, चारी बाजूंनी फेसाळतं पाणी, आणि त्यावर कुरव निवांत अंडी उबवत होते. दरवर्षी अंडी गोळा करायच्या पंधरा वसाहतींपैकी हीसुद्धा एक.

नदीच्या अमेरिकेकडच्या काठावर विसाव्या शतकात रासायनिक कारखान्यांची रांगच होती. धबधब्यामुळे वीज स्वस्त, आणि क्लोरीन बनवायला वीज भरपूर लागते. टाकाऊ माल जवळपासच्या खड्ड्यांत गेला. त्यांतल्या एका खड्ड्याचं नाव लव्ह कॅनाल. विल्यम लव्ह नावाच्या माणसाने १८९० च्या दशकात खणायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला हा कालवा. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि वर माती टाकून ती जागा शाळामंडळाला एक डॉलरला दिली. तिथे शाळा झाली, घरं झाली. पुरलेली रसायनं तळघरांत झिरपली, अंगणांत वर आली, आणि १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली.

आज तिथे तारेचं कुंपण आहे आणि आत गवताचा लांबट उंचवटा. दादाने गाडी बंद केली, पण बाहेर पडला नाही. मी कुंपणापाशी पाच-सात मिनिटं उभी राहिले. गवतावर दोन कुरव चालत होते, किडे शोधत. मागच्या रस्त्यांवर घरांचे फक्त वाहनतळाचे चौथरे उरलेत, फटींतून झाडं उगवलेली.

लव्ह कॅनाल ही माणसांची गोष्ट म्हणून जगाला कळली, आणि ते योग्यच झालं. पण या गावच्या कारखान्यांतून निघालेलं मायरेक्स हे कीटकनाशक आणि डायॉक्सिन नदीने सरोवरात नेलं, आणि तिथे ते कुणाच्या तळघरात झिरपलं नाही, कुणाच्या अंगणात वर आलं नाही. ते कुरवांच्या अंड्यांत सापडलं. अंडी गोळा करणारी माणसं नसती, तर ‘सरोवराचं पाणी स्वच्छ दिसतंय’ हेच सगळे म्हणत राहिले असते.

रात्री दादाने विचारलं, ‘‘एवढी अंडी उचलतात, पक्ष्यांचं नुकसान नाही होत?’’ प्रश्न रास्त आहे. कुरवाच्या घरट्यातलं अंडं सुरुवातीला नाहीसं झालं तर बहुतेकदा मादी दुसरं घालते. आणि एका वसाहतीत डझनभर म्हणजे हजारोंतली डझनभर. तरीही त्याने विचारलं ते मला आवडलं.

तिसरा दिवस : सार्निया

दिवसभर गाडीत. संध्याकाळी सेंट क्लेअर नदीच्या काठी पोचलो. इथे तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने इतके आहेत की या पट्ट्याला ‘केमिकल व्हॅली’ म्हणतात. रात्री नदीवरून पाहिलं तर दिव्यांची नगरीच भासते. १९८५ मध्ये इथे तळाशी डांबरासारखा काळा गोळा सापडला होता, कपडे धुलाईत वापरतात तशा द्रावणाच्या गळतीने गाळातली जुनी घाण एकत्र होऊन झालेला.

पुलाखालच्या वेगवान पाण्यात एक पाणकावळा बुडी मारून वर आला, मासा हवेत उडवून डोक्याकडून गिळला, आणि पुन्हा दिसेनासा झाला. मी दमले होते, नोंदवहीत एवढंच लिहिलं.

चौथा दिवस : सॅगिनॉ उपसागर

पूल ओलांडून अमेरिकेत आलो, मिशिगन राज्यात. आजचा दिवस मला सगळ्यात जड गेला.

मिडलंड गावात १८९७ पासून एक मोठा रासायनिक कारखाना आहे. जमिनीखाली खारं पाणी आहे, त्यात वीज सोडली की क्लोरीन मिळतो. सुरुवातीच्या काळात त्यासाठी ग्रॅफाइटच्या कांड्या वापरत, आणि त्या प्रक्रियेत फ्यूरान नावाची, डायॉक्सिनची सख्खी भावंडं शोभावीत अशी रसायनं तयार होत. कुणी ती बनवायला बसलं नव्हतं. ती आपोआप होत होती, आणि नदीत जात होती. टिटाबावासी नदी दर काही वर्षांनी पुराने पसरते, तेव्हा तिने हा गाळ काठच्या सपाट जमिनीवर थरांथरांनी अंथरला.

नदीकाठच्या एका उद्यानात मुलं चेंडू खेळत होती. झाडं जुनी, गवत कापलेलं. कडेला पाटी होती. मातीत खेळल्यावर हात धुवा, असं लिहिलेलं. मासे किती खावेत याचीही पाटी होती. दादा ती दोनदा वाचून गप्प झाला.

नदीचा काठ इथे सरळ कापल्यासारखा आहे. त्या मातीच्या भिंतीत मुठीएवढं भोक होतं आणि समोरच्या वठलेल्या फांदीवर पट्टेरी खंड्या बसला होता, मादी, छातीवर तांबूस पट्टा. चोचीत मासा आडवा. ती थेट भोकात शिरली. भिंतीत मातीचे थर स्पष्ट दिसत होते, एक फिकट, एक गडद, मध्ये वाळूची रेघ. प्रत्येक थर म्हणजे एकेक पूर. खंड्याने दूषित नदीतला मासा आणायचा आणि दूषित मातीच्या पोटात पिल्लांना भरवायचा, याहून जवळचा संबंध कुठला असणार?

मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या खंड्यांची आणि निळ्या बगळ्यांची अंडी तपासली. कारखान्याच्या वरच्या अंगाला रसायनं कमी, खालच्या अंगाला कितीतरी जास्त. पिल्लं मात्र बऱ्यापैकी वाढत होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे. अंगात विष आहे म्हणजे पक्षी लगेच मरतोच असं नाही. जात, रसायन, मात्रा, खाणं, सगळ्यावर ते ठरतं. कोंबडीचं पिल्लू ज्या मात्रेला मरतं ती मात्रा दुसऱ्या जातीचं पिल्लू सोसतं. काळजी असलेल्या माणसाने तरी वाढवून सांगू नये, कारण एकदा वाढवून सांगितलेलं उघडं पडलं की खरंही कुणी ऐकत नाही.

पण या नदीचं पाणी पुढे सॅगिनॉ उपसागराला मिळतं, आणि तिथली गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर १९८६ मध्ये इथे शंभर वर्षांत एकदा यावा असा पूर आला. गाळात वर्षानुवर्षं पडून असलेली रसायनं ढवळून उपसागरात गेली. पुढच्या विणीत कॅस्पियन सुरयांच्या वसाहतीत अंडी फुटेनात, आणि जी पिल्लं निघाली त्यांत व्यंगं दिसली. कारखान्याने तेव्हा नवीन काही सोडलं होतं म्हणून नव्हे. जुनंच जागं झालं.

संध्याकाळी उपसागराच्या काठावरच्या पाणथळीत कॅस्पियन सुरय पाहिला. कुरवाएवढा मोठा, डोक्यावर काळी टोपी, चोच गाजरासारखी लाल. हवेत थबकला, पंख मिटून सरळ खाली कोसळला, आणि पाण्यातून मासा घेऊन वर येताना एकदा अंग झटकलं. आवाज कर्कश आहे त्याचा, घसा बसल्यासारखा. त्या आवाजाला उत्तर म्हणून मागून एक बारीक शीळ आली. ते गेल्या वर्षीचं पिल्लू असावं.

पाचवा दिवस : उत्तरेकडे

मॅकिनॉ पुलावर वारा. १९५७ चा हा पूल आठ किलोमीटर लांब आहे, खाली एका बाजूला मिशिगन सरोवर, दुसऱ्या बाजूला ह्यूरॉन. दादा दोन्ही हात चाकावर ठेवून एक शब्द न बोलता चालवत होता.

पलीकडे रस्ता सरोवराला लागूनच जातो. एका वाळूच्या किनाऱ्यावर थांबलो, तिथे कुरवाचं पीस पडलं होतं, पंखाचं, टोकाला काळं आणि त्यात पांढरा ठिपका. मी ते बोटांत धरून उन्हात पाहिलं आणि पुन्हा वाळूत ठेवलं. अमेरिकेत १९१८ च्या कायद्याने स्थलांतरी पक्ष्याचं पीससुद्धा घरी नेता येत नाही.

पीस वाढत असताना त्याला रक्तपुरवठा असतो. रक्तातला पारा पिसाच्या केराटिन या प्रथिनात जाऊन बसतो. वाढ पुरी झाली की पुरवठा बंद, आणि पारा आत कायमचा. म्हणून संग्रहालयातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या पक्ष्याचं पीसही त्याच्या काळातलं पाणी कसं होतं हे सांगतं. हे माहीत असूनसुद्धा हातात धरलं तेव्हा ते नुसतं पीस होतं, वजन नसलेलं.

सहावा दिवस : ग्रीन बे

रात्री पोचलो होतो. सकाळी गाडीची काच काळी झालेली. जवळून पाहिलं तर डासासारखे किडे, हजारोंनी चिकटलेले. इथले लोक त्यांना लेक फ्लाय म्हणतात. ते चावत नाहीत. एक माझ्या नोंदवहीच्या पानावर उतरला, पुढचे दोन पाय उचलून, मिशा पिसासारख्या फुललेल्या. या किड्याचं जवळजवळ सगळं आयुष्य तळाच्या गाळात अळी होऊन जातं. मे महिन्यात तो वर येतो, काही दिवस उडतो, अंडी घालतो, मरतो. भिंगऱ्या त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. गाळातलं रसायन हवेत कसं जातं, याचं उत्तर माझ्या पानावर बसलं होतं. म्हणूनच अमेरिकेत झाडभिंगरी या छोट्या पक्ष्याच्या अंड्यांवरूनही गाळाची तपासणी करतात.

इथली नदी फॉक्स, विनेबागो सरोवरातून निघून साठ-बासष्ट किलोमीटरवर ग्रीन बेला मिळते. तेवढ्या अंतरात कागदाच्या गिरण्या इतक्या दाट, की जगात फार थोड्या ठिकाणी असतील. १९५४ ते १९७१ या काळात इथे कार्बनशिवाय प्रत उमटवणारा कागद बनायचा. पावतीपुस्तकात वर लिहिलं की खालच्या पानावर निळं उमटतं, तो. त्यातल्या शाईच्या सूक्ष्म थेंबांत पीसीबी होतं. कागद बनवताना ते नदीत गेलं, आणि तोच कागद रद्दी होऊन पुन्हा गिरणीत आला तेव्हा दुसऱ्यांदा गेलं. ज्या गिरण्यांनी तो कागद कधी बनवला नाही, नुसती रद्दी धुतली, त्यांच्या पाण्यातूनही गेलं. किती जणांनी पावती फाडून टोपलीत टाकली असेल! कुणाला वाटलं असतं, की याचा पाणकावळ्याच्या चोचीशी काही संबंध आहे?

कारण १९८० च्या दशकात ग्रीन बेची ओळख तीच झाली होती. पाणकावळ्यांची पिल्लं वाकड्या चोचीची निघत, वरची चोच एकीकडे, खालची दुसरीकडे, कात्री न मिटल्यासारखी. १९७९ ते १९८७ मध्ये केलेल्या मोजणीत इथे दर दहा हजार पिल्लांमागे पन्नासच्या आसपास अशी सापडली. स्वच्छ भागात दहा हजारांत एखादंसुद्धा नाही. असं पिल्लू आईबाप भरवतात तोवर जगतं. स्वतः मासा पकडायची वेळ आली की उपाशी मरतं.

त्याच काळातला, १९८३ चा, एक प्रयोग मला या सगळ्या विषयात सगळ्यात मोलाचा वाटतो. फॉर्स्टर सुरय नावाचा नाजूक पक्षी ग्रीन बेच्या दलदलीत घरटी करतो. इथे त्यांची अंडी फुटत नव्हती. दोष अंड्यात आहे की उबवणाऱ्या पक्ष्यात, हे कसं ओळखणार? संशोधकांनी आतल्या बाजूच्या, मानाने स्वच्छ पोयगन सरोवरावरची अंडी आणून इथल्या पक्ष्यांखाली ठेवली आणि इथली अंडी तिकडच्यांखाली. उत्तर आलं, दोन्हींत. इथल्या अंड्यांतच विष होतं, ती चांगल्या आईखालीही नीट वाढली नाहीत. आणि इथले पक्षी चांगल्या अंड्यांवरही धड बसत नव्हते, उठून जात, अंडी गार पडत. म्हणजे रसायनाने शरीर तर पोखरलंच, पण आईपण, घरट्यावर बसून राहायची ओढ, तीही सैल केली. हे वाचलं होतं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच होते आणि कितीतरी वेळ पुढचं पान उलटवलं नव्हतं.

दुपारी दलदलीच्या कडेला लाकडी वाटेवर थांबून फॉर्स्टर सुरय शोधला. एक मिळाला. दोरीसारख्या बारीक पानांच्या गवतात, वाळक्या काड्यांच्या ढिगावर बसलेला. मी घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं. मध्ये घार किंवा डोमकावळा कुणी आला नाही, पण एक होडी जवळून गेली, लाट आली, घरटं वरखाली झालं. तो मान उंच करून बघत राहिला. उठला नाही. एकेचाळिसाव्या मिनिटाला जोडीदार आला, दोघांनी जागा बदलली आणि त्या दोन सेकंदांतही अंडी उघडी पडू दिली नाहीत.

दादा मागे उभा होता. ‘‘बसतायत की नीट,’’ एवढंच हळू म्हणाला.

सातवा दिवस : नदीचं मुख

फॉक्सचा गाळ उपसायचं काम वर्षानुवर्षं चाललं, २०२० मध्ये संपलं, आणि त्याला एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला. उपसागरात १९७३ च्या उंच पाण्यात आणि वादळात वाहून गेलेली कॅट आयलंडची साखळी स्वच्छ गाळ वापरून पुन्हा उभी राहते आहे. २०१६ मध्ये तिथे पायपिंग प्लोव्हर या दुर्मिळ चिखल्याने पिल्लं वाढवली. पांढरे पेलिकन शंभराहून अधिक वर्षांनी १९९४ मध्ये परत आले, आज सकाळी साठ-सत्तर तरी आमच्या डोक्यावरून गेले, पंख न हलवता, सगळे एकाच लयीत वळत.

पाणकावळेही परतलेत. १९७३ मध्ये पाचही सरोवरांवर मिळून त्यांच्या सव्वाशेच्या आसपास जोड्या उरल्या होत्या. डीडीटी या कीटकनाशकाचं शरीरात जे रूपांतर होतं, त्याने कवचात पुरेसा चुना बसत नाही, आणि अंडं आईच्याच वजनाने फुटतं. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. २००० पर्यंत जोड्या लाखाच्या वर गेल्या. आता ते फार झाले, मासे खातात, झाडं वाळवतात, अशी तक्रार आहे, आणि ओंटारिओत २०२० पासून त्यांची शिकार करायला परवानगी आहे. मला याचं फार वाईट वाटतं.

आणि कुरवांची दरवर्षी गोळा केलेली जी अंडी ओटावाला शीतपेट्यांत ठेवली, त्यांचं काय? संशोधकांनी त्यांतली १९८१ पासूनची पुन्हा बाहेर काढली, तेव्हा त्यांत फर्निचरच्या फोमला आणि संगणकाच्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घालतात ती ब्रोमीनची रसायनं दर काही वर्षांनी दुप्पट होत गेलेली दिसली. अंडं गोळा करणाऱ्याने ते १९८१ मध्ये शोधलंच नव्हतं. त्याने फक्त अंडं नीट बंद करून, तारीख घालून ठेवलं होतं. माझ्या प्रयोगशाळेत तपासून झालेले नमुने तीन महिन्यांनी ओतून टाकतात. परत गेल्यावर याबद्दल साहेबांशी बोलायचं मी ठरवलं आहे.

निघायच्या आधी नदीच्या मुखाशी, होड्या उतरवायच्या धक्क्यावर गेलो. एक म्हातारे गृहस्थ टेबलावर मासा साफ करत होते. मोठा कॅटफिश, काळपट, मिशाळ. शेजारी खांबाला मासे खाण्याविषयीची सूचना लावलेली. कुठला मासा महिन्यातून किती वेळा, कुठला अजिबात नाही, आणि खाली, कातडी आणि चरबी काढून टाका, कारण पीसीबी चरबीत साठतं. त्यांनी ते पाठ केलेलं होतं. हात न थांबवता मला दाखवलं, पोटाकडची पिवळट पट्टी, पाठीवरची पट्टी, कुशीतला गडद भाग. पातळ सुरीने सगळं सफाईने वेगळं केलं. मग उरलेलं मांस दोनदा धुऊन पिशवीत ठेवलं.

‘‘नातवंडांसाठी आहे,’’ ते म्हणाले.

कापलेली चरबी टेबलाच्या कडेला ढीग करून ठेवली होती. ते हात धुवायला वळले तेवढ्यात कठड्यावर वाट बघत बसलेला हेरिंग कुरव उतरला. एक पट्टी उचलली, मान मागे टाकून गिळली. दुसरी गिळली. तिसरी चोचीत धरून उडाला आणि पाण्याला लागून, बेटांकडे गेला.